पहिलं पाणी

१ सप्टेंबर, सोमवार

आल्याला दोन दिवस नाहीत आणि थेट माझ्या कपाटात हात!

धुतलेले कपडे ठेवायला वेदीमागच्या खोलीत गेले, तर नवा फादर कपाट उघडून उभा. एकेक रुमाल काढतोय, उजेडात धरतोय, उलटा करतोय, वास घेतोय. वास! बावीस वर्षं मी ह्या चर्चचे कपडे धुतेय. एकोणतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. दिवसाला चारशे चादरी हाताखालून जायच्या. माझ्या धुण्याचा वास कोणी घेतला नव्हता कधी.

"बाई, हे कोण धुतं?"

"मी."

"कसं?"

कसं म्हणजे? पाण्यात!

मग वेदीवर प्याल्याखाली अंथरायचा चौकोनी रुमाल टेबलावर पसरला आणि मला घडी शिकवायला लागला. मला! तीन घड्या आडव्या, तीन उभ्या, सगळ्या आतल्या बाजूला, एकूण नऊ चौकोन झाले पाहिजेत. मी आपली चार घड्या घालून ठेवते, बाहेरून. दिसायला छान दिसतं. तर म्हणे, "आत घडी घातली की पडलेला कण आतच राहतो." वय चौतीस-पस्तीस असेल. माझ्या लेकीएवढा.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पलंगाची दांडी दोनदा वाजवली. दोनदा म्हणजे 'हो', एकदा म्हणजे 'नाही'. चौदा महिने झाले झटक्याला, बोलणं गेलं ते गेलंच. पण 'हो' कशाला? त्याचं बरोबर आहे म्हणून 'हो'? बरं आहे! घरचा माणूसही तिकडूनच.

३ सप्टेंबर

वास घेतो म्हणजे काय!

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज माझा जो अपमान झाला तो मी विसरणार नाही. लिहून ठेवते म्हणजे नक्कीच विसरणार नाही.

फादरने विचारलं, रुमाल आणि प्याला पुसायचं फडकं आधी वेगळं भिजवता ना? मी म्हटलं, वेगळं कशाला, सगळं एकत्र मशीनमध्ये. त्याचा चेहरा असा झाला जसं काही मी सांगितलं की फडकं चुलीत घातलं. म्हणाला, मिस्सेत, म्हणजे वेदीवरच्या उपासनेत, जी भाकरी ख्रिस्ताचं शरीर होते तिचा कण त्यात असू शकतो. म्हणून आधी हाताने, स्वच्छ भांड्यात खळबळायचं. ते पहिलं पाणी गटारात जाता कामा नये. ते मातीत ओतायचं, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी. त्यानंतर मशीनमध्ये घाला नाहीतर आणखी कशात घाला.

मी म्हटलं, "जुन्या फादरांनी कधी सांगितलं नाही."

"मग मी सांगतोय."

"पाणी ते पाणी, फादर."

तर केवढ्याने ओरडला — "बाई, हे पोतेरं नाही!"

दारात हेडमास्तर उभे. शाळेतून रिटायर होऊन दहा वर्षं झाली, आता चर्चच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी सगळं ऐकलं. माझे कान गरम झाले. पिशवी उचलली आणि निघाले.

घरी मेणकापड भिजलेलं. दोन चादरी, ह्यांचा लेंगा, उशीचा अभ्रा. दिवसातली तिसरी वेळ. ते सगळं मी कुठे खळबळते? मोरीत. कुठलं पहिलं पाणी आणि कुठलं दुसरं! देवाच्या फडक्याला मान आहे. चाळीस वर्षं ज्या माणसाने लाकडाला हात लावला की टेबल उभं राहायचं, त्याच्या चादरीला काय आहे? फिनेल.

देवाशी माझं बोलणं चौदा महिने बंद आहे. धुणं तेवढं चालू आहे. आता तेही ह्याला शिकवायचंय!

७ सप्टेंबर, रविवार

मिस्सा एक तास वीस मिनिटं! जुन्या फादरांची चाळीस मिनिटांत व्हायची, पोरंबाळं नऊ वाजता घरी.

भिंतीवरचा गाण्याच्या ओळी दाखवायचा पडदा काढून टाकला. प्लास्टिकची फुलं काढली. त्याजागी काहीच नाही, नुसतं पांढरं कापड आणि सहा मेणबत्त्या. धूप इतका की पहिल्या चार रांगा खोकत होत्या, मी धरून. आणि चाल कशी — पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं नेतोय असा चालतो. वाकला तर कमरेतून वाकतो आणि तिथेच राहतो. मला वाटलं कंबर धरली. प्याला उचलला तर खाली ठेवेचना. कोणासाठी एवढा तमाशा? गळा बरा आहे, ते कबूल. पण गळ्याचं एक वेळ जाऊ दे, कम्युनियनची भाकरी वाटून झाल्यावर तर कहर — जाऊन बसला आणि गप्प. गाणं नाही, सूचना नाही. अख्खं चर्च गप्प. एक मिनिट, दोन मिनिटं. मागे कोणाचं तरी मूल बोललं आणि तेही गप्प झालं. मेणबत्तीची वात तडतडलेली ऐकू येत होती.

आणि मला रडू आलं. भर चर्चमध्ये! झटक्याच्या दिवशी आलं नव्हतं. हॉस्पिटलात आलं नव्हतं. रुमाल शोधता शोधता पर्समधली औषधाची चिठ्ठी नाकाला लावली.

ह्याबद्दल मी त्याला माफ करणार नाही. माणसाला गर्दीत असं उघडं पाडायचं म्हणजे काय?

८ सप्टेंबर

नाव ठेवलं — नऊघड्या. ह्यांना सांगितलं. चालू असलेल्या अर्ध्या तोंडाने हसले. बऱ्याच दिवसांनी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज रुमाल वेगळे खळबळले, नऊघड्याच्या समोर, स्टीलच्या भांड्यात. तो समाधानाने निघून गेला. मग मी ते भांडं उचललं आणि चर्चच्याच बाथरूममध्ये, बेसिनमध्ये, ओतलं. मुद्दाम. नळ सोडून वर पाणीही सोडलं.

छप्पर पडलं नाही. वीज पडली नाही. घरी आले, भाजी केली.

१४ सप्टेंबर, रविवार

मिस्सेनंतर मी इस्त्रीचे कपडे लावत होते. नऊघड्या कपाटाच्या दारावरून हात फिरवत होता. "एक खिळा नाही ह्यात. सगळं खाचेत बसवलंय. कोणी केलं हो हे?"

ह्यांनी केलंय. आमच्या लग्नाच्या दहाव्या वर्षी. तीन महिने संध्याकाळचे जाऊन करत होते. दारं आपोआप बंद व्हावीत म्हणून किंचित कलतं ठेवलंय — लाकडाला न सांगता, असं म्हणायचे.

मी म्हटलं, "माहीत नाही."

का म्हटलं? कारण सांगितलं असतं तर त्याने तोंड भरून कौतुक केलं असतं, आणि मला मान डोलवावी लागली असती. नको. आमचं आमच्याजवळ राहू दे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नऊघड्या घरी आला!

ह्यांना कम्युनियन द्यायला. जुने फादर महिन्यातून एकदा यायचे. हेल्मेट काखेत, "काय म्हणतंय पेशंट?" — चार मिनिटांत स्कूटर चालू. मला तेच बरं वाटायचं. घर आवरायला नको. ह्याने निरोप धाडला, दर शुक्रवारी येणार, पलंगाशेजारी छोटं टेबल, त्यावर पांढरं कापड आणि दोन मेणबत्त्या ठेवा. मेणबत्त्या! खोलीत लघवीचा वास, खिडकीत औषधाच्या बाटल्या, कोपऱ्यात बेडपॅन, आणि मधोमध मेणबत्त्या. मी चिडून लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, ठेव ना, काय जातंय तुझं?" लांब राहून सगळ्यांना सगळं सोपं असतं.

तर आला. चपला दारात काढल्या. खिशातून कम्युनियनच्या भाकरीची सोनेरी डबी काढून टेबलावर ठेवली आणि सरळ जमिनीवर गुडघे टेकले. मी नुकतंच फिनेलने पुसलं होतं, फरशी ओली. मी म्हटलं, "फादर, ओलं आहे." तो उठला नाही. दोन डाग पडले पांढऱ्या झग्यावर, गुडघ्यांवर. त्या फिनेलचे डाग जात नाहीत. त्याचे त्याने बघावेत.

सगळं वाचलं, घाई न करता, जसं चर्चमध्ये चारशे माणसांसमोर वाचतो तसंच. ऐकायला कोण? एक पडलेला माणूस आणि एक चिडलेली बाई.

हे डाव्या हाताने क्रूस करायला बघत होते. हात कपाळापर्यंत गेला आणि छातीवर पडला. तो थांबला. ह्यांनी पुन्हा हात उचलला. तो थांबलेलाच. तीन वेळा झालं, तेव्हा कुठे पूर्ण झालं. मी असते तर हात धरून उरकून टाकलं असतं.

जाताना त्याची नजर भिंतीवर टांगलेल्या पटाशी आणि रंध्यावर गेली. मग ह्यांना म्हणाला, "चर्चमधलं कपाट तुम्ही केलंत?"

दोनदा ठक ठक. केवढ्या जोरात!

नऊघड्याने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत होते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लिहिताना पेन कागदात घुसतंय. रागाने.

आज ह्यांना गिळता येईना. भाकरीचा तो पातळ तुकडा तोंडात ठेवला आणि ठसका लागला. डोळे पांढरे झाले. नऊघड्याने त्यांना उठवून पाठ चोळली आणि तुकडा बाहेर आला, हनुवटीखालच्या नॅपकिनवर, लाळेसकट. मी नॅपकिन ओढला, बोळा केला, पलंगाखालच्या चादरींच्या ढिगात टाकला, ढीग उचलून मशीनमध्ये घातला, पावडर, बटण. मला कळलंही नाही. एकोणतीस वर्षांची सवय! कापड खराब झालं की हात आपोआप चालतो.

परत आले तर हे शांत झालेले. नऊघड्या इकडेतिकडे बघतोय. "बाई, नॅपकिन कुठाय?"

मशीनची घरघर ऐकू येत होती.

तो पळाला. खरंच पळाला, झगा धरून. बटणं दाबून मशीन बंद पाडलं. झाकण उघडलं, हात घातला, नॅपकिन काढला — त्यावर काही नव्हतं. विरघळलं होतं. मला वाटलं, संपलं एकदाचं. तर म्हणतो, "हे पाणी मोरीत सोडायचं नाही."

"अहो फादर, त्यात ह्यांच्या चादरी आहेत!"

"हो."

"हगलेल्या-मुतलेल्या!"

"मग त्याही जातील झाडाला. बादली द्या."

मी नाही दिली. त्याने स्वतः शोधली. मशीनची नळी मोरीतून काढून बादलीत धरली, तीही वर! पाणी कसं येणार? पाच मिनिटं नुसता खटाटोप. शेवटी मला ते बघवेना. "खाली धरा! मशीनच्या तळाच्या खाली! आणि अर्धीच भरा, नाहीतर पाय घसरून पडाल आणि तेही मलाच निस्तरावं लागेल." मग भराभर यायला लागलं. बादली भरायची, मागच्या दाराने अंगणात न्यायची, लिंबाच्या बुंध्याशी ओतायची, परत यायचं. कंपाउंडवरून शेजारची दोन घरं बघत होती. पांढऱ्या झग्यातला माणूस माझ्या नवऱ्याच्या घाणीचं पाणी दोन्ही हातांनी असं नेतोय की थेंब सांडता कामा नये. साबणाचा फेस झाडाखाली गुडघाभर. चौदा बादल्या!

मी ओरडले, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? माणूस तिथे गुदमरून मरत होता, आणि तुम्हाला पाण्याची काळजी!"

तो बादली घेऊन उभा राहिला. घाम निथळत होता. चिडलाच होता तोही. "मला दोघांचीही आहे!" म्हणाला आणि पुढे गेला.

आत हे दांडी वाजवत होते. गेले बघायला. काही नको होतं. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं, जिथून लिंबाचं झाड दिसतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कशाला म्हणून विचारलं नाही. माझ्याकडे वेळ नव्हता, मोरी फेसाने भरली होती.

२७ सप्टेंबर, शनिवार

हेडमास्तर आले होते. समितीतर्फे बिशपना पत्र जाणार आहे — मिस्सा लांबते, लोक कमी होतायत, धूप सोसत नाही, फादरचं वागणं विचित्र. "वहिनी, कालचं सगळ्यांच्या कानावर गेलंय. तुमच्या हातचं पत्र असेल तर वजन पडेल. तुम्ही आतलं माणूस."

बसले आणि लिहिलं. दीड पान. 'पोतेरं' लिहिलं. चौदा बादल्या लिहिल्या. आजारी माणसासमोर असा गोंधळ घालणारा माणूस आम्हाला नको, असं लिहिलं. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे. सही केली, पहिली माझीच.

बरं वाटलं. अगदी मोकळं.

३० सप्टेंबर

लिंबाची सहा पानं पिवळी पडली. सांगितलं होतं मी!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

येणार नाही असं वाटलं होतं. आला.

आज चमचा आणला होता. भाकरीचा अगदी बारीक कण, चमच्यात थेंबभर पाणी. ह्यांच्या ओठाला लावला आणि थांबला. त्याचं ते थांबणं! हे गिळेपर्यंत त्याने श्वाससुद्धा सोडला नसेल. गेलं खाली. ठसका नाही.

मग त्याने ह्यांचं तोंड पुसलं. आणलेल्या फडक्याने. आधी वरचा ओठ, मग खालचा, मग वाकडा झालेला कोपरा — जिथून सारखी लाळ गळते तो. फडकं वळवून हनुवटी. घाई नाही. आणि मला एकदम ओळखू आलं. वेदीवर प्याल्याची कड पुसतो ना, बोट फिरवत, अगदी तसंच. तीच बोटं, तोच वेग. मग फडक्याची घडी घातली. आतल्या बाजूला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. उगाचच, धुतलेलीच भांडी.

चौदा-पंधरा महिन्यांत ह्यांचं तोंड असं कोणी पुसलं नव्हतं. मीही नाही. मी दिवसातून वीस वेळा पुसते — ओटा पुसल्यासारखं. हनुवटी धरायची, एक फटका, झालं, पुढचं काम. त्यांना लागत असेल का? एवढ्या महिन्यांत मी विचारलंसुद्धा नाही. दांडी तर हाताशीच होती त्यांच्या.

लाज वाटली. आणि त्याचाच राग आला. असल्या माणसाचा राग येणार नाही तर काय!

४ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांना विचारलं, "मी तोंड पुसते ते लागतं का हो?"

बराच वेळ दांडीवर हात नुसता ठेवून होते. मग एकदा वाजवली. नाही.

खोटं बोलतायत. बेचाळीस वर्षं ओळखते मी ह्यांना.

५ ऑक्टोबर, रविवार

रुमाल खळबळले. भांडं घेऊन बाथरूमपर्यंत गेले, परत फिरले, कुंपणाशी मातीत ओतलं. कोणी बघत नव्हतं. बघत असतं तर ओतलं नसतं.

तिथून तशीच हेडमास्तरांकडे. म्हटलं, माझं पत्र परत द्या.

"गेलं, वहिनी. सोमवारीच टाकलं. का हो?"

"काही नाही. एक शब्द चुकला होता."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आला, चमचा, मेणबत्त्या, सगळं नेहमीसारखं. मी पत्राबद्दल बोलले नाही. तीनदा तोंड उघडलं. शेवटी म्हटलं, "चहा घेणार?" म्हणाला, "घेईन." घेतला. साखर कमी म्हणाला. मेला!

१२ ऑक्टोबर, रविवार

बदली. बिशपांचं पत्र त्याने स्वतःच वाचून दाखवलं. वाचतानाही एक शब्द घाईत नाही. बुधवारी जाणार. दुसरा माणूस मिळेपर्यंत जुने फादर येऊन-जाऊन बघतील.

बाहेर हेडमास्तर मला म्हणाले, "तुमच्या पत्राने काम झालं, वहिनी. बावन्नकशी लिहिलं होतंत."

माझ्या तोंडाला चव नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गेले. सांगायलाच पाहिजे होतं. तो पुस्तकं खोक्यात भरत होता. दोनच बॅगा.

म्हटलं, "फादर, ते पत्र माझं."

"माहितेय. बिशपांनी वाचायला दिलं. अक्षर छान आहे तुमचं." एक पुस्तक ठेवलं. "एकच चूक आहे. चौदा नाही, सोळा बादल्या होत्या. मी मोजल्यात. पाठ अजून सांगते."

मला हसू आलं नाही. विचारलं, "राग आला?"

"आला. अजून आहे." आणि खोकं दोरीने बांधायला लागला. गाठ धड येत नव्हती, ती मी मारून दिली. म्हटलं, अजून एक आहे. सप्टेंबरात तीन आठवडे मी ते पाणी बेसिनमध्ये ओतलं, मुद्दाम, तुमच्यावर चिडून.

तो किती तरी वेळ गप्प. चर्चमध्ये बसतो तसा. मला वाटलं आता ओरडणार. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आता नका ओतू," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "तुमच्या मिस्टरांना सांगा, कपाटाचं दार अजून आपोआप बंद होतं."

मी माफी मागितली का? नाही. तोंडातून आलीच नाही. गाठ तेवढी मारली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

जुने फादर. हेल्मेट काखेत. "काय म्हणतंय पेशंट?" मी मेणबत्त्या लावल्या होत्या. ते म्हणाले, "अरे वा, वाढदिवस आहे की काय?"

ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. फादरांनी दोनदा हाक मारली. ह्यांनी दांडी वाजवली — एकदा.

"मूड नाही वाटतं आज," म्हणाले आणि गेले. तीन मिनिटं.

१९ ऑक्टोबर, रविवार

अडतीस मिनिटं! सगळे खूश. पडदा परत लागला, प्लास्टिकची फुलं परत आली, धूळ न झटकता. कम्युनियननंतर लगेच सूचना — पार्किंग, सहल, हरवलेली छत्री.

मला धूप हवा होता! ज्याने मला खोकला येतो तो! मला ती दोन मिनिटं हवी होती आणि ती मीच बंद केली, दीड पान लिहून, चांगल्या अक्षरात. कोणावर ओरडू आता? हेडमास्तर मागच्या बाकावर बसून घड्याळ बघत समाधानाने हसत होते. त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. पण त्यांनी नुसतं पाकीट पोस्टात टाकलं. आतलं सगळं माझं.

घरी येऊन ह्यांचं तोंड पुसलं. वरचा ओठ, खालचा, कोपरा, हनुवटी. सावकाश. हे डोळे मिटून पडून होते. मला नीट जमत नाही अजून.

२१ ऑक्टोबर

ताप. डॉक्टर म्हणाले छातीत पाणी झालंय, हॉस्पिटलात न्यायचं का? ह्यांना विचारलं. एकदा ठक.

लेक निघालीय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

हे सकाळी सात वाजता गेले. हात दांडीवर होता.

शेजारीण म्हणाली, मी मदत करते. नको म्हटलं. कोमट पाणी घेतलं, स्टीलच्या भांड्यात. मऊ कापड. तोंड आधी. मग हात, एकेक बोट. पटाशीने कापलेल्या अंगठ्याची जुनी खूण. पाठ, पाय. एक तास वीस मिनिटं लागली.

भांडं घेऊन मोरीपर्यंत गेले. ओतवेना. तशीच उभी राहिले. मग मागच्या दाराने अंगणात नेलं, दोन्ही हातांनी, आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतलं.

हेडमास्तर भेटायला आले होते, फाटकातच थबकले. "वहिनी, हे काय? घरात मोरी आहे ना?"

"आहे की," मी म्हटलं आणि दुसरं पाणी आणायला आत गेले.